‘चुकलं हं’ म्हणणाऱ्या मावशीवरचा खटला

आमची मावशी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. किंवा असायची. दोन्हींतलं खरं कुठलं ते कोर्टात ठरायचंय, तोपर्यंत दोन्ही चालवून घ्या.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. राहते आमच्याकडेच, मधल्या खोलीत, तिचा पलंग माझ्या पलंगाला लागून. घरातला तिचा आवाज कुकरच्या शिट्टीच्या जातीचा. "ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला? परत? या घरात माणसं राहतात की बदकं?" आणि दुकानात? दुकानात त्याच घशातून दुसरीच बाई बोलते. गिऱ्हाइकाने काचेचं दार ढकललं, पिशवी काउंटरवर ठेवली, नुसती एक भुवई वर केली, की हिचं सुरू. आवाज मऊ, मान एका बाजूला, "चुकलं हं आमचं. बघते हं मी. तुम्ही नका काळजी करू, आपण भरून देऊ."

डाग गेला नाही, चुकलं हं. बटण तुटलं, चुकलं हं. बटण गिऱ्हाइकाच्याच घरी तुटलेलं, तरी चुकलं हं. एक आजोबा एकदा पॅंट मागायला आले. पॅंट त्यांनी टाकली होती दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात. मावशीने त्यांची माफी मागितली, त्या दुकानात फोन लावला, पॅंट आहे याची खात्री केली आणि आजोबांना रस्ता समजावून दिला. जाताना आजोबा म्हणाले, "पुढच्या वेळी लक्ष ठेवा." मावशी म्हणाली, "हो हो, ठेवते."

हे तिला मालकांनी शिकवलं होतं. मालक बोलताना दातात काहीतरी अडकल्यासारखे चुक् चुक् करतात आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लावतात. "गिऱ्हाईक ओरडायच्या आत आपण वाकायचं, समजलं ना? वाकलेल्या माणसावर कोण ओरडतं, समजलं ना?" मावशीला समजलं होतं. इतकं समजलं होतं की सुट्टीच्या दिवशीसुद्धा रस्त्यात कुणी तिच्या पायावर पाय दिला तर माफी तीच मागायची.

दुकानाची आणखी एक शिस्त म्हणजे खिसे. कपडा घेताना प्रत्येक खिसा गिऱ्हाइकासमोर उलटा करायचा आणि काउंटरवर झटकायचा. चाव्या निघायच्या, तिकिटं निघायची, एकदा एका गृहस्थांची अख्खी कवळी निघाली. मावशीने ती कागदी रुमालावर ठेवून दोन्ही हातांनी परत दिली आणि वर तोंडभर हसली. गृहस्थांना हसता आलं नाही, कारण उघड आहे.

तर अशा बाईवर चोरीचा आरोप आला.

झालं असं. एक बाई लांब लोकरी कोट टाकायला आल्या. त्यांचं नाव आमच्या घरात आता कोटवाल्या बाई असंच पडलंय. दुकानात गर्दी, बाहेर त्यांची गाडी चालू ठेवलेली, मागून कुणीतरी हॉर्न देतंय. मावशीने कोट घेतला, खिसे झटकले, पावती दिली. आठवड्याने बाई कोट न्यायला आल्या. त्यांनी अस्तरातल्या आतल्या खिशात हात घातला आणि तो तिथेच ठेवून म्हणाल्या, "माझं ब्रेसलेट होतं इथे." त्या बाई बोलतात कशा, तर उंच टाचांनी जिना उतरल्यासारख्या. एकेक शब्द, टक्, टक्. "सोन्याचं. होतं. इथे. माझ्या. आईचं."

मावशीच्या तोंडून काय आलं असेल ते सांगायला नको.

"चुकलं हं आमचं. बघते हं मी. आपण भरून देऊ."

"म्हणजे तुम्ही मान्य करताय?"

"हो हो, चूक आमचीच."

बाईंच्या दुसऱ्या हातात फोन होता, आणि त्यावर रेकॉर्डिंग चालू होतं.

दोन दिवसांनी पोलीस स्टेशनातून बोलावणं आलं. "जरा चौकशीसाठी या, काही विशेष नाही." मावशीला वाटलं, ब्रेसलेट शोधायला मदत हवी असेल. ती एकटीच गेली, केस नीट बांधून, पर्समध्ये दुकानाची चावी घेऊन, म्हणजे साहेब म्हणाले तर लगेच दुकान उघडून दाखवता येईल. आईनेही अडवलं नाही. उलट म्हणाली, "येताना साबण आण." आम्ही चौघांनी मिळून इतकं अज्ञान कुठे साठवलं होतं कोण जाणे.

तिथे काय झालं ते मावशीने नंतर सपाट आवाजात सांगितलं. साहेबांचा खरा आवाज मी पुढे जामिनाच्या वेळी कोर्टात ऐकला आणि मग ते सगळं चित्र डोळ्यांसमोर हलायला लागलं. जाड, गोड, झोपाळू आवाज, पोट भरलेल्या माणसाचा. आणि अधूनमधून ‘बरं का’.

"बसा ना, मावशी. तुम्ही मला आईसारख्या बरं का. चहा घ्या. आता मला एवढंच सांगा, त्या बाईंची तुम्ही माफी मागितलीत?"

"मागितली."

"चूक तुमची म्हणालात?"

"म्हणाले."

"भरून देते म्हणालात?"

"म्हणाले."

"मग आता कशाला दमवायचं एकमेकांना? आईसारख्या आहात तुम्ही. चुकतं माणसाचं, बरं का. चुकलं ना?"

समोर चहा आहे, समोरचा माणूस आवाज चढवत नाहीये, उलट काळजीने वाकून विचारतोय. मावशीने मान एका बाजूला केली आणि म्हणाली, "चुकलंच हो साहेब माझं."

बाजूच्या टेबलावरचा हवालदार लिहीत होता. त्याने नाक ओढलं आणि लिहिलं.

संध्याकाळी बाबांना फोन आला की अटक झालीय. आई साबणाची वाट बघत होती. बाबा पोलीस स्टेशनात गेले, त्यांना बाकावर बसवून ठेवलं, मग घरी जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मावशीला न्यायाधीशांसमोर उभं केलं आणि जामीन मिळाला. मधल्या रात्रीबद्दल ती बोलत नाही. फक्त तेव्हापासून आमच्या घरात फिनेल आणायचं नाही. आईने एकदा विसरून बाथरूममध्ये टाकलं, तर मावशी जिन्यात जाऊन बसली आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत आत आली नाही.

जामीन म्हणजे काय यावरही घरात तीन मतं. आईला वाटलं, सुटली, विषय संपला. बाबांना वाटलं, आता महिनाभर घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. आणि मावशीला वाटलं, गुन्हा सिद्ध झालाय, फक्त वयाकडे बघून दया आली म्हणून पाठवलंय. ती पलंगावर बसून पिशवी भरायला लागली. दात घासायचा ब्रश, दोन जोड कपडे, गरम मोजे. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाली, "न्यायला आले की घाई नको." कपडे तिने इस्त्री करून भरले. मोज्यांनासुद्धा इस्त्री केली.

खाली मोटरसायकल थांबली की घरात सगळे गप्प. बाबा हातातला घास हातातच ठेवून ऐकत राहायचे. मोटरसायकलवाला बहुतेक वेळा समोरच्या इमारतीत पाण्याचे कॅन देणारा असायचा. तो शिट्टी वाजवत वर जायचा तेव्हा आम्ही चौघं परत चावायला लागायचो.

मग वकीलबाई आल्या. म्हणजे त्या आल्या नाहीत, आम्ही गेलो. आम्हाला वकील परवडत नाही म्हटल्यावर कोर्टानेच फुकट दिलेल्या. कोर्टाच्या जिन्याखाली त्यांचं टेबल, शेजारी झेरॉक्सचं मशीन, त्यामुळे त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर सारखा हिरवा उजेड सरकतो. आणि त्यांना कायमची सर्दी. पहिलं वाक्य त्या बोलल्या ते असं: "तुब्ही कुणाशी काहीही बोलायचं दाही." सर्दी मी पुढे लिहीत नाही, तुम्ही आपापली घालून घ्या.

"आता ऐका," वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला अजून कुणीही चोर ठरवलेलं नाही. पोलीस ठरवत नाहीत. पोलीस तपास करतात आणि कागद कोर्टात देतात. त्या बाई ठरवत नाहीत. ठरवणार न्यायाधीश, तेही साक्षीपुरावे ऐकून, आणि ते सगळं व्हायला अजून खूप अवकाश आहे. आज तुमच्यावर आरोप आहे. आरोप म्हणजे निकाल नाही. आणि जामीन म्हणजे सुटका नाही, शिक्षाही नाही. बोलावलं की येईन, असा शब्द आहे तो."

"चुकलं हं," मावशी म्हणाली, "मला वाटलं की..."

"हे आधी बंद करायचं."

"चुकलं," मावशी म्हणाली.

वकीलबाईंनी रुमाल शोधला. बराच वेळ शोधला.

"तुम्ही घेतलं का ब्रेसलेट?"

"नाही हो. देवाशप्पथ नाही."

"बघा, हे येतं की तुम्हाला बोलता. एवढंच पोलिसांसमोर का नाही आलं?"

"ते फार चांगलं बोलत होते," मावशी म्हणाली. "त्यांनी चहा दिला."

"चहा घ्यायचा आणि सांगायचं, माझा वकील आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. गप्प बसणं हा तुमचा हक्क आहे. उर्मटपणा नाही."

मावशीला हे काही केल्या पटेना. घरी येताना सगळ्या रस्त्यात तेच. "कुणी एवढं विचारतंय आणि आपण तोंडात बोळा घालून बसायचं? बरं दिसतं का ते?" आई म्हणाली, "तुरुंगात बसलेलं बरं दिसेल त्यापेक्षा." 

पुढची पायरी वकीलबाईंनी सांगून ठेवली होती. पोलिसांनी आरोपपत्र दिलं की एक दिवस न्यायाधीश आरोप वाचून दाखवतील आणि मावशीला विचारतील, गुन्हा कबूल आहे का? कबूल आहे म्हटलं की खटला तिथेच आटपायचा आणि शिक्षा ठरायची. कबूल नाही म्हटलं की खटला चालायचा, साक्षीदार येतील, वकीलबाई त्यांना उलटे प्रश्न विचारतील. "तुम्ही फक्त दोन शब्द म्हणायचे," वकीलबाई म्हणाल्या. "कबूल नाही. त्याच्या पुढे एक नाही, मागे एक नाही."

दोन शब्द. आणि आमच्या घरात त्या दिवसापासून भीतीने मुक्काम ठोकला तो या दोन शब्दांमुळेच. तुरुंगाची भीती होतीच, पण ती लांबची. जवळची भीती ही की मावशी त्या पिंजऱ्यात उभी राहील, समोरचा माणूस भुवई वर करेल, आणि तिच्या तोंडून आपोआप तेच बाहेर पडेल जे इतकी वर्षं पडत आलंय. एक वाक्य, आणि आमची मावशी जन्मभराची चोर.

मावशीला हे आमच्याआधी कळलं होतं. एकदा भांडी घासता घासता ती आईला म्हणाली, "मला तुरुंगाचं नाही गं. मला माझ्या तोंडाचं भ्या वाटतं."

अशात मालक आले. काचेचा पेला हातात घेऊन पाणी न पिता बसले. चुक् चुक्.

"मी काय म्हणतो, कबूल करून टाक, समजलं ना. पहिलीच वेळ आहे, कोर्ट समजून घेईल. दंड होईल, तो मी बघतो. बाई शांत होतील. नाहीतर पेपरात येईल, दुकान बंद पडेल, तू वर्षानुवर्षं फेऱ्या मारशील. मिटवून टाकू, समजलं ना."

मावशी मान हलवायला लागली. हो हो, अशी. तिची ती मान मी बघितली आणि आईला हाक मारली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. "समजलं," ती म्हणाली. "एक विचारू का? ‘चुकलं आमचं, चुकलं आमचं’ हे हिला तुम्हीच शिकवलंत ना? मग त्या ‘आमचं’मध्ये तुम्ही पण आलात. तुम्ही का नाही जात कबूल करायला? आम्ही तुमचा दंड बघतो."

मालक पाणी प्यायले आणि गेले. जाताना दारात मावशीने सवयीने म्हटलं, "राग नका मानू हं." आईने दार लावलं ते जरा जोरातच.

पण त्याच दिवशी मावशीने ते सांगितलं. आई अजून मालकांच्या नावाने पुटपुटत होती, आणि मावशी पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "तो आतला खिसा मी बघितला का ते मला आठवत नाही."

आई थांबली. "म्हणजे?"

"बाहेरचे दोन झटकले. ते आठवतंय. मागून हॉर्न वाजत होता, बाई घाई करत होत्या. आतला बघितला की नाही, मी रोज डोळे मिटून आठवते. कधी बघितला असं दिसतं, कधी नाही."

 आईने मावशीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एक क्षणभर काहीतरी होतं जे मी आईच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेलं नव्हतं आणि मला परत पाहायचं नाही. लगेच गेलंही ते. पण मावशीने ते टिपलं. ती हळूच म्हणाली, "बघ. तुला पण वाटलं." आणि आई तिच्याशेजारी बसून रडायला लागली. रडताना माफी मागत होती आईच. त्या घराण्यातच आहे बहुतेक.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे. झेरॉक्सचा हिरवा उजेड. मावशीने खिशाचं सांगितलं आणि म्हणाली, "मग मी कबूल नाही कसं म्हणू? चूक तर माझी असेलच."

वकीलबाई पहिल्यांदाच रुमाल खाली ठेवून बोलल्या. "खिसा बघायचा राहिला असेल, तर ती चूक. न विचारता दुसऱ्याची वस्तू घेऊन आपली करण्याचा बेत असेल, तर तो गुन्हा. न्यायाधीश तुम्हाला चूक विचारणार नाहीत. गुन्हा विचारणार आहेत. तुमच्या दुकानात या दोन्हींना एकच शब्द आहे. कोर्टात नाही. आणि तुमच्या मनात बेत होता हे सिद्ध करायचं काम त्यांचं. नव्हता हे सिद्ध करायचं काम तुमचं नाही."

 मावशी म्हणाली, "हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

"आधी कुणी विचारलं नाही," वकीलबाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

समजणं एक आणि तोंडातून येणं एक. म्हणून तालीम सुरू झाली. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बाबा न्यायाधीश, दुसऱ्या टोकाला खुर्चीची पाठ धरून मावशी. बाबांचा न्यायाधीश अगदीच पडेल. "आरोपी, तुम्हाला... अं... गुन्हा... म्हणजे चालेल का?" आई म्हणाली, "अहो, तुम्ही तिला गुन्हा करायला सांगताय की विचारताय?" शेवटी ती खुर्ची माझ्याकडे आली.

मी कडक न्यायाधीश केला, चष्म्यावरून बघणारा. मावशी ताठ. "कबूल नाही." मी खेकसणारा केला. "कबूल नाही." टक् टक् बोलणाऱ्या कोटवाल्या बाई केल्या, मावशी लाल होऊन म्हणाली, "कबूल नाही, नाही, नाही." सगळे खूश. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी साहेबांचा आवाज लावला. तोवर मला तो नीट येत होता. जाड, गोड, झोपाळू. "मावशी, पाणी हवंय का? घाबरू नका, बरं का. गुन्हा कबूल आहे ना?"

मावशीची मान एका बाजूला गेली. "हो," ती म्हणाली. "चुकलं हं."

कुणी हसलं नाही. मावशीने दोन्ही हात तोंडावर दाबले. मी तो आवाज परत काढला नाही, पण तो घरात राहिला. कुणी माझ्याशी हळू आवाजात बोललं तरी त्यानंतर मला धसका बसायचा. आम्ही सगळे मनातल्या मनात एकच मागत होतो, न्यायाधीश उद्धट निघू दे.

ती तारीख आली. कोर्टाच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये लांब बाक, त्यावर माणसं आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसलेली, दवाखान्यात बसतात तशी, फक्त कुणी कुणाला काय होतंय विचारत नाही. शिपाई दारातून नावं पुकारत होता. पहिलं अक्षर गिळायचं आणि शेवटचं ताणायचं, अशी त्याची रीत, त्यामुळे प्रत्येक पुकाऱ्याला सहासात माणसं अर्धवट उठायची आणि परत बसायची. समोरच्या बाकावर कोटवाल्या बाई होत्या. तोच कोट. मावशी त्यांच्या बाहीकडे बघत होती. "टीप उसवलीय," ती माझ्या कानात म्हणाली. "दोन टाके घातले तर आत्ता होईल." मी तिचा हात धरून ठेवला.

पुकारा झाला. मावशीचंच नाव होतं हे कळायला आम्हाला वेळ लागला.

आत पंखे, लाकडी कठडा, टायपिस्टच्या मशीनची टकटक. मावशी पिंजऱ्यात उभी राहिली, कठड्याच्या दांडीला धरून. न्यायाधीश वर बसलेले, पिकलेले केस, बारीक चण. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि बोलले.  इतका मऊ आवाज मी आजवर ऐकला नव्हता. लहान मुलाला उठवताना बोलतात तसा.

"बाई, उभं राहायला त्रास होत असेल तर खुर्ची देतो. पाणी हवंय?"

मावशीची मान एका बाजूला गेली. "नको हो. तुम्हाला कशाला त्रास."

आईने माझ्या दंडात नखं रोवली.

त्यांनी आरोप वाचला. कोट, दुकान, ब्रेसलेट, विश्वासाने सोपवलेली वस्तू, अप्रामाणिक हेतूने, स्वतःच्या फायद्यासाठी. प्रत्येक शब्द त्याच मऊ आवाजात. मग विचारलं, "आरोप समजला का?"

"समजला."

"गुन्हा कबूल आहे का?"

"चुक..." मावशी म्हणाली.

टायपिस्टची बोटं वर उचलली गेली आणि तिथेच थांबली. वकीलबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. कोटवाल्या बाई पुढे झुकल्या.  पंखा तेवढा फिरत होता.

"सावकाश," न्यायाधीश म्हणाले. "परत वाचून दाखवू?"

"नको," मावशी म्हणाली. तिचा आवाज दुकानातला नव्हता आणि घरातलाही नव्हता. हा मला माहीत नसलेला तिसराच होता, कोरडा, तुटत जाणारा. "समजलंय मला. साहेब, आतला खिसा मी बघितला का नाही ते मला आठवत नाही. राहिला असेल तर ती चूक माझी. पण ब्रेसलेट मी घेतलं नाही. तसं मनातसुद्धा आलं नाही. गुन्हा कबूल नाही."

न्यायाधीशांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग टायपिस्टकडे वळून त्याच आवाजात म्हणाले, "आरोपीस गुन्हा कबूल नाही." टकटक सुरू झाली. साक्षीदारांसाठी पुढची तारीख दिली. पुढची फाईल उघडली. एवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी होईल.

वकीलबाई पिंजऱ्यापाशी आल्या. "दोन शब्द सांगितले होते. तुम्ही खिसाही सांगून बसलात. सरकारी वकिलाने लिहून घेतलंय ते. आता खिशावरून तो आपल्याला पिडणार."

"पिडू दे," मावशी म्हणाली.

"त्या बाईंची साक्ष होईल. फोनमधलं बोलणं ऐकवतील. मालकांनाही बोलावतील. बराच वेळ जाईल. आणि निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही, कुणीच नाही."

"बरं."

पुढच्या आरोपीला घेऊन शिपाई आला. मावशी अजून तिथेच उभी. "बाई, उतरा," शिपाई म्हणाला. ती हलेना. "बाई, झालं तुमचं."

"सगळं?"

"आजचं."

मावशीने मान हलवली, पण खाली उतरली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला उतरायचं होतं, हात सुटत नव्हते. दांडीवर बोटं इतकी घट्ट आवळलेली की नखांखाली रक्त नव्हतं. मी वर चढले आणि ती एकेक करून सोडवली. मागे थांबलेला आरोपी, असेल माझ्यापेक्षा थोडाच मोठा, माझ्याकडे बघत होता. शेवटचं बोट सुटलं तसं त्याने पुढे होऊन ती दांडी धरली, अगदी त्याच जागी, अजून गरम असेल तिथे.